तक्त्यात पहिले, तरी प्रशिक्षक घरी

३१ जानेवारी २०२० रोजी एफसी गोवाने आपला मुख्य प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा याला पदावरून दूर केलं. त्या दिवशी इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएल या भारतातल्या अव्वल फुटबॉल स्पर्धेच्या, गुणतक्त्यात गोवा पहिल्या क्रमांकावर होता. १५ सामने, ३० गुण, ३२ गोल. आदल्या दोन सामन्यांत केरला ब्लास्टर्सला ३-२ आणि ओडिशाला ४-२ असं हरवलेलं. साखळीचे तीनच सामने उरले होते. साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट जागा मिळणार होती, आणि तिथवर तोपर्यंत एकही भारतीय क्लब पोहोचला नव्हता.

हरणाऱ्या प्रशिक्षकाला काढतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. हा जिंकत होता. तरीही अपयशाचा शिक्का त्याच्यावर नव्हता असं म्हणता येणार नाही. अडीच हंगाम उलटले तरी आयएसएलचा करंडक गोव्यात आला नव्हता. एकदा उपांत्य फेरीत हार, एकदा अंतिम सामन्यात. म्हणून या प्रकरणात दोन निर्णय तपासायला हवेत. मार्च २०१९ मध्ये अंतिम सामना हरल्यावर क्लबने लोबेराला ठेवलं, तो पहिला. जानेवारी २०२० मध्ये त्याला काढलं, तो दुसरा. पहिल्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मते दुसऱ्याचा निवाडा पहिल्यातच दडलेला आहे.

झिकोचा धडा

लोबेराच्या आधी काय झालं होतं ते सांगितल्याशिवाय गोव्याच्या मालकांची मनःस्थिती कळणार नाही. क्लब २०१४ मध्ये सुरू झाला आणि पहिला प्रशिक्षक म्हणून थेट ब्राझीलचा झिको आला. गोव्यात ब्राझील म्हणजे काय, हे विश्वचषकाच्या दिवसांत मडगाव-म्हापशाला गेलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पहिल्या हंगामात उपांत्य फेरीत कोलकात्याकडून पेनल्टीवर हार झाली. दुसऱ्या वर्षी, २०१५ मध्ये, गोवा साखळीत अव्वल आला आणि अंतिम सामना घरच्या मैदानावर, फातोर्ड्यावरच होता. समोर चेन्नईयन. नव्वदाव्या मिनिटाला पाय ठेवताना गोवा २-१ने पुढे होता. मग गोलरक्षक कट्टीमनीकडून स्वयंगोल झाला, भरपाईच्या वेळेत मेंडोसाने तिसरा मारला, आणि गोवा २-३ने हरला.

त्या हारीनंतर क्लबने झिकोला ठेवलं. कोण काढेल? अव्वल स्थान, अंतिम सामना, शेवटच्या दोन मिनिटांत निसटलेला करंडक. काढायला कारणच नव्हतं. २०१६ मध्ये तोच संघ आठ संघांत शेवटचा आला.

म्हणजे ‘थोडक्यात हुकलं, पुढच्या वर्षी जमेल’ हा हिशेब गोव्याच्या व्यवस्थापनाने एकदा मांडून पाहिला होता आणि तो पुरता चुकला होता. २०१९ मध्ये पुन्हा अंतिम सामना हरल्यावर त्याच टेबलाभोवती बसलेल्या लोकांना तो आठवला नसेल, हे मला पटत नाही. तरीही त्यांनी लोबेराला ठेवलं, आणि ते बरोबर केलं. का, ते आकड्यांत दिसतं.

तीन हंगामांचा हिशेब

लोबेरा मूळचा सारागोसाचा. बार्सिलोनाच्या युवा संघांपासून तिथल्या मुख्य प्रशिक्षक तितो विलानोवाच्या हाताखाली सहायकापर्यंत काम केलेला, नंतर लास पालमास आणि मोरोक्कोतला तेतुआन क्लब असा फिरून २०१७ मध्ये गोव्यात आला. येताना खेळाची पक्की कल्पना घेऊन आला. चेंडू गोलरक्षकापासून पायापायाने पुढे न्यायचा, समोरच्याच्या अर्ध्या भागात गर्दी करायची, गेलेला चेंडू तिथेच हिसकावून घ्यायचा. ‘लांब मारा आणि धावा’ पाहून कंटाळलेल्या प्रेक्षकाला हे फार आवडलं. मलाही.

पहिल्या हंगामात, २०१७-१८ मध्ये, १८ सामन्यांत गोव्याने ४२ गोल केले आणि २८ खाल्ले. ३० गुण, तिसरा क्रमांक. फेरान कोरोमिनास, म्हणजे आपला कोरो, याने एकट्याने १८ गोल केले. ४२-२८ हा आकडा नीट पाहिला तर संघाचं सगळं रूप त्यात आहे: पुढून आग, मागून भगदाड. उपांत्य फेरीत चेन्नईयनने त्याच भगदाडातून शिरून दोन सामन्यांत मिळून ४-१ असा निकाल लावला.

दुसऱ्या हंगामात गोल थोडे घटले, ३६ झाले. पण खाल्लेले गोल २८ वरून २० वर आले. गुण ३४, अव्वल बेंगळुरूइतकेच. आपसातल्या दोन्ही सामन्यांत बेंगळुरूने हरवलं होतं, म्हणून गोवा दुसरा. तिसऱ्या हंगामात काढलं त्या दिवसापर्यंत १५ सामन्यांत ३० गुण.

सामन्यामागे गुण काढले तर पहिल्या वर्षी साधारण १.६७, दुसऱ्या वर्षी १.८९, तिसऱ्या वर्षी बरोबर २. ही चढती रेघ आहे. झिकोच्या काळात संघ कुठे चालला आहे हे सांगणारी अशी रेघ नव्हती. आयएसएलचे सुरुवातीचे हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचे असत आणि दरवर्षी अर्धा संघ नवा उभा राहत असे. लोबेराकडे कोरो, एदू बेदिया, अहमद जाहू हे पहिल्या वर्षापासूनचे. ह्युगो बुमूस २०१८च्या जानेवारीत आला, मुर्तदा फॉल आणि कार्लोस पेन्या त्याच वर्षी पुढे. माणसं टिकली, खेळ सुधारला.

एक गोष्ट याहून महत्त्वाची वाटते. मंदार राव देसाई हा गोव्याचा मुलगा क्लबच्या सुरुवातीपासून विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा, म्हणून खेळायचा. लोबेराने त्याला मागे खेचून लेफ्ट बॅक, म्हणजे डावा बचावपटू, केलं. तिथून तो भारतीय संघापर्यंत गेला आणि क्लबचा कर्णधारही झाला. सेरिटन फर्नांडिस उजवीकडे पक्का झाला, ब्रँडन फर्नांडिस मधल्या फळीचा मेंदू झाला. प्रशिक्षकाला ठेवायचं की नाही हे ठरवताना मी करंडकाआधी हे पाहीन: त्याच्या हाताखाली आलेला स्थानिक खेळाडू दोन वर्षांनी सुधारला आहे, की होता तिथेच आहे?

मुंबईतली ती रात्र

१७ मार्च २०१९ रोजी मुंबई फुटबॉल एरिनावर अंतिम सामना झाला, पुन्हा बेंगळुरूशी. उपांत्य फेरीत याच मैदानावर गोव्याने मुंबई सिटीला ५-१ असं लोळवलं होतं, त्यामुळे अंधेरीत त्या रात्री नारिंगी शर्ट भरपूर होते. नव्वद मिनिटं गोलशून्य. जादा वेळेचा पहिला भाग संपता संपता जाहूला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि गोवा दहा जणांवर आला. ११७व्या मिनिटाला कॉर्नरवरून राहुल भेकेने डोक्याने चेंडू आत घातला. मुंबईच्या भेकेने मुंबईत गोव्याचं स्वप्न मोडलं. ०-१.

आता ठरवा: एका कॉर्नरवर, तीन मिनिटं उरली असताना, दहा खेळाडूंनिशी खाल्लेल्या गोलावरून प्रशिक्षकाचं मूल्यमापन करायचं? करायचं असेल तर त्याच न्यायाने २०१५ मध्ये झिकोचंही करायला हवं होतं, आणि नशिबाने ते नेमकं बरोबरही ठरलं असतं. एका सामन्यावरून घेतलेला निर्णय कधी बरोबर निघतो, कधी चूक. त्याचा पुढच्या वर्षाशी संबंध फार थोडा. बाद फेरी रंगते ती त्यामुळेच. पण ती मोजपट्टी नव्हे. अठरा सामन्यांत जे दिसतं ते एकशे वीस मिनिटांत दिसत नाही.

आयएसएलचं दुखणं असं की २०१९ पर्यंत साखळीत पहिलं येण्याला किंमतच नव्हती. विजेता म्हणजे अंतिम सामना जिंकणारा, बाकी सगळे ‘हुकलेले’. २०१९-२० पासून साखळी विजेत्यासाठी ‘लीग विनर्स शील्ड’ आलं आणि त्याला आशियातली जागा जोडली गेली. म्हणजे लोबेराच्या तिसऱ्या हंगामात मोजपट्टीच बदलली, आणि बदलली ती नेमकी त्याच्या बाजूने. त्याचा संघ साखळीत बलवान आणि बाद फेरीत ठिसूळ होता. नव्या नियमात साखळीलाच वजन आलं होतं.

अंतिम सामन्यानंतर महिना व्हायच्या आत, १३ एप्रिल २०१९ रोजी, भुवनेश्वरमध्ये गोव्याने चेन्नईयनला २-१ने हरवून सुपर कप जिंकला. क्लबचा पहिला मोठा करंडक. ठेवण्याच्या निर्णयाला लगेच पावती मिळाली. माझी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. प्रशिक्षकाला ठेवणं म्हणजे नुसतं ‘न काढणं’ नव्हे. ठेवायचं तर पुढे किती वर्षं, खेळाडू निवडण्यात कुणाचा शब्द अखेरचा, जमलं नाही तर वेगळं कधी आणि कसं व्हायचं, हे त्याच एप्रिलमध्ये बसून ठरवायचं असतं. नऊ महिन्यांनी जे झालं त्यावरून हे नीट ठरलं होतं असं वाटत नाही.

जानेवारी

त्या जानेवारीत गोवा दोनदा हरला: बेंगळुरूत १-२, कोलकात्यात एटीकेकडून ०-२. थोडी कुजबुज झाली. पण मधल्या आणि नंतरच्या तिन्ही लढती जिंकल्या. वर्तमानपत्रांत येत होतं ते व्यवस्थापनाशी मतभेद झाल्याचं. पराभवांमुळे खुर्ची हलली असं कुणी लिहिलं नाही, लिहिणं शक्यही नव्हतं. काढल्यावर सूत्रं क्लबच्याच ताफ्यातल्या क्लिफर्ड मिरांडाकडे गेली आणि तांत्रिक संचालक डेरिक परेरा पाठीशी उभा राहिला.

ही दोन नावं गोव्याबाहेरच्या वाचकाने नीट ओळखून घ्यावीत. डेरिक परेराने महिंद्र युनायटेडला २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती आणि नंतर पुणे एफसीला आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं होतं. महाराष्ट्रातल्या क्लब फुटबॉलच्या उरल्यासुरल्या आठवणींत त्याचा वाटा मोठा आहे. क्लिफर्ड हा प्रशिक्षक अर्मांदो कुलासोच्या डेम्पो या गोव्यातल्या क्लबचा विंगर. कुलासोने दशकभर एकाच क्लबला धरून पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. प्रशिक्षकाला दीर्घकाळ ठेवण्याचं भारतातलं सर्वांत मोठं उदाहरण गोव्यातच घडलं, आणि त्या संघात वाढलेला माणूस आता मधूनच काढलेल्या प्रशिक्षकाची जागा चालवणार होता.

त्याने चालवलीही झकास. हैदराबाद ४-१, मुंबई सिटी ५-२, आणि १९ फेब्रुवारीला जमशेदपूर ५-०. तीन सामने, १४ गोल, ३ खाल्ले. गोवा ३९ गुणांवर, एटीकेहून पाच गुण पुढे. शील्ड गोव्याचं. आशियाई चॅम्पियन्स लीगची गटफेरी गाठणारा पहिला भारतीय क्लब गोवा.

निर्णयाचं समर्थन करणारे इथे थांबतात. प्रशिक्षक गेला, संघ अधिकच उधळला, मग काढण्यात चूक काय? मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. भात शिजत आला होता. क्लिफर्डने तो करपू दिला नाही, आणि तेही साधं काम नाही. पण तांदूळ, पाणी, आच सगळं आधीचं. ३९ पैकी ३० गुण लोबेराचे होते. तीन सामन्यांत नवा माणूस नवी पद्धत बसवत नाही. जुनीच, थोडी मोकळी सोडून, खेळवतो. क्लिफर्डचं खरं कसब पुढे ओडिशात दिसलं. २०२३ मध्ये तिथे हंगामी प्रशिक्षक असताना त्याने सुपर कप जिंकला. त्यानंतर ओडिशाने कायम प्रशिक्षक म्हणून कुणाला आणलं? लोबेराला. भारतीय फुटबॉलचं जग हे एवढंसं.

फेब्रुवारीच्या त्या तीन विजयांनंतर बाद फेरी आली. २९ फेब्रुवारीला चेन्नईत ४-१ असा मार बसला. ७ मार्चला फातोर्ड्यावर गोव्याने ४-२ जिंकून झुंज दिली, पण एकूण ५-६. लोबेरा असता तर वाचलो असतो, असं त्या रात्री बरेच जण म्हणत होते. मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये त्याचा संघ चेन्नईतच ०-३ने हरला होता. चेन्नईयन हा गोव्याच्या पत्रिकेतला शनीच आहे: २०१५, २०१८, २०२०.

आणि त्याच चेन्नईयनकडे पाहिलं तर आणखी एक गुंता दिसतो. त्या हंगामाच्या सुरुवातीला चेन्नईयनची गाडी रुतली होती. जॉन ग्रेगरी गेला, डिसेंबरमध्ये ओवेन कॉयल आला, आणि तळाकडचा संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. म्हणजे हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक बदलणं मुळातच वेडेपणा आहे, असं नाही. चेन्नईयनने बदलला तेव्हा संघ खाली घसरत होता, खेळाडू गोंधळलेले होते, आणि समोर पूर्ण अर्धा हंगाम होता. गोव्याने बदलला तेव्हा यातलं एकही कारण नव्हतं.

दुसरे कुठले रस्ते होते?

व्यवस्थापनाच्या बाजूने विचार करू. समजा संबंध खरंच बिघडले होते. समजा प्रशिक्षक मनाने निघून गेला आहे अशी त्यांची खात्री झाली होती. पहिला रस्ता: गप्प बसून हंगाम संपू द्यायचा. ३१ जानेवारी ते १४ मार्चचा अंतिम सामना, म्हणजे सहा आठवडे. दुसरा: हंगामाच्या शेवटी वेगळं होत असल्याचं जाहीर करून सहा आठवडे सगळ्यांना एका कामाला लावायचं, युरोपात हे सर्रास होतं. तिसरा: लगेच काढायचं. क्लबने तिसरा निवडला.

तिसऱ्याचा एक फायदा होता. ड्रेसिंग रूममध्ये कुणाची सत्ता आहे याबद्दल शंका उरत नाही. तोटा मात्र वेगळ्याच ठिकाणी होता आणि तो फेब्रुवारीत दिसणं शक्य नव्हतं. त्या काळी आयएसएलमध्ये सात परदेशी खेळाडू नोंदवता येत, पाच मैदानावर. गोव्याच्या खेळाचा कणा हेच पाच-सहा जण होते, आणि ते सगळे लोबेराच्या काळात, त्याच्या पद्धतीला साजेसे म्हणून आलेले. जाहू, फॉल, बुमूस तर मोरोक्कोच्या फुटबॉलमधून, जिथे लोबेराने आधी काम केलं होतं. भारतात परदेशी खेळाडूंचे करार छोटे असतात; अशा खेळाडूची निष्ठा शहराशी जुळायला वेळ लागतो, प्रशिक्षकाशी लवकर जुळते. अशा संघातून प्रशिक्षक काढणं म्हणजे फक्त बाकावरचा एक माणूस बदलणं नव्हे. निम्मा संघ पणाला लावण्यासारखं आहे.

उन्हाळ्यात तेच झालं. कोरो गेला, पेन्या स्पेनला परतला. लोबेरा मुंबई सिटीकडे आला, आणि त्याच्यामागे जाहू, फॉल, बुमूस आणि मंदार. बुमूससाठी मुंबईने करार मोडण्याची रक्कम मोजली. त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला होता: ११ गोल, १० असिस्ट. शील्ड जिंकलेल्या गोव्याच्या सहा प्रमुख परदेशी खेळाडूंपैकी एकटा एदू बेदिया उरला.

इथे एक प्रामाणिक हरकत नोंदवायला हवी. मुंबई सिटीत नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला होता. मँचेस्टर सिटीचे मालक. तो पैसा आणि तो खेळाचा विचार पाहता लोबेरा हंगामाच्या शेवटी सन्मानाने निघाला असता तरी कदाचित तिकडेच गेला असता, आणि खेळाडूही. शक्य आहे. पण क्लब म्हणून आपण त्याला सहा आठवडे आधी मोकळं करून, दुखावून, वर वेळही दिला. वाटाघाटी करायची असती तर पत्ते आपल्या हातात होते. ते आपणच टाकून दिले.

मार्च २०२१, फातोर्डा

पुढचा हंगाम कोविडमुळे पूर्ण गोव्यात, बंद दारांआड झाला. फातोर्डा, बांबोळी, वास्को. मुंबईने एटीके मोहन बागानशी ४० गुणांवर बरोबरी साधली आणि शेवटच्या सामन्यात त्यांनाच २-० हरवून शील्ड घेतलं. उपांत्य फेरीत मुंबई विरुद्ध गोवा. पहिला सामना २-२, आणि मुंबईचे दोन्ही गोल कुणाचे? बुमूस आणि फॉल. दुसरा ०-०. पेनल्टीवर मुंबई ६-५. १३ मार्चला फातोर्ड्यावर बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल करून मुंबईला २-१ने करंडक मिळवून दिला. तीन वर्षांत लोबेराला गोव्याला देता न आलेला करंडक त्याने गोव्याच्याच मैदानावर मुंबईसाठी उचलला.

गोव्याचा नवा प्रशिक्षक हुआन फेरांदो वाईट नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. तोही स्पॅनिश, चेंडू पायात ठेवणारा. क्लबने माणूस बदलला पण शैली सोडली नाही, आणि हा त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. मोडलेल्या संघातून फेरांदोने चौथं स्थान काढलं: २० सामन्यांत ३१ गुण. एप्रिल २०२१ मध्ये, लोबेराने मुख्यतः कमावलेल्या जागेवर, गोवा आशियाई चॅम्पियन्स लीग खेळला. फ्रेंच प्रशिक्षक लॉराँ ब्लाँच्या अल-रय्यानशी ०-०, अल-वहदाशी ०-०. पर्सेपोलिसविरुद्ध बेदियाने गोल करून क्षणभर आघाडीही दिली. तो सामना १-२ने गेला. एकूण तीन गुण, भारतीय क्लबचे त्या फेरीतले पहिले. ऑक्टोबरमध्ये ड्युरँड कपही आला. मग डिसेंबरमध्ये एटीके मोहन बागानने पैसे मोजून फेरांदोलाच उचललं आणि गोवा त्या हंगामात नववा आला.

फेरांदोचं जाणं पाहिल्यावर काही जण म्हणतात, बघा, प्रशिक्षक कुठे टिकतात, मग लोबेराचं एवढं काय? मुंबईतही तो टिकला नाही; दुहेरी यश मिळवूनही २०२१च्या ऑक्टोबरमध्ये सिटी समूहाने त्याला चीनमधल्या सिचुआन जिउन्यूकडे नेलं. खरं आहे. पण तिथे क्लबच्या हाती दोन करंडक होते आणि जाण्यामागे समूहाची योजना होती. गोव्याने आपल्या प्रशिक्षकाला फुकट घालवलं.

माझा निवाडा

मार्च २०१९चा निर्णय योग्य. चढती रेघ, सुधारलेला बचाव, वाढलेले स्थानिक खेळाडू, आणि हार झाली ती एका कॉर्नरवर. झिकोच्या अनुभवाने घाबरून त्यांनी लोबेराला काढलं असतं तर शील्ड कधीच आलं नसतं.

जानेवारी २०२०चा निर्णय चूक. शील्ड मिळालं म्हणून तो बरोबर ठरत नाही, उपांत्य फेरीत हरलो म्हणून जास्त चूकही ठरत नाही. चूक ती वेळेची आहे, आणि त्याआधीच्या नऊ महिन्यांत न झालेल्या बोलण्याची. मतभेद मिटणार नसतील तर वेगळं व्हावंच; पण कराराची आणि जाण्याची तारीख एप्रिलमध्ये ठरवतात. भांडणाच्या आठवड्यात नव्हे. आणि प्रशिक्षकाच्या खुर्चीइतकंच लक्ष त्याच्यामागून जाऊ शकणाऱ्या खेळाडूंच्या करारांवर द्यायचं असतं. जाहू आणि फॉल यांना बांधून ठेवता आलं असतं का, हा प्रश्न ‘लोबेरा राहावा की जावा’ यापेक्षा क्लबला महाग पडला.

गोव्याने यातून काही घेतलं असेल तर ते पुढचा स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझच्या बाबतीत दिसतं. २०२३-२४ मध्ये त्याचा संघ ४५ गुणांसह तिसरा आला. उपांत्य फेरीत फातोर्ड्यावर गोवा नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-०ने पुढे होता आणि मुंबईने उरलेल्या वेळात तीन गोल ठोकले. २०१५ पाहिलेल्या माणसाला ती रात्र सोसवली नसेल. मार्केझला ठेवलं. पुढच्या हंगामात तो एकाच वेळी भारतीय संघाचाही प्रशिक्षक होता, त्यावर कुरबूर झाली, तरीही ठेवलं. ४८ गुण, दुसरा क्रमांक, आणि उपांत्य फेरीत पुन्हा हार. बेंगळुरूकडून, छेत्रीच्या भरपाईच्या वेळेतल्या गोलाने. महिनाभराने, ३ मे २०२५ रोजी, भुवनेश्वरमध्ये जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप. ऑगस्टमध्ये फातोर्ड्यावर ओमानच्या अल-सीबला २-१ हरवून गोवा आशियातल्या दुसऱ्या स्तराच्या स्पर्धेच्या गटात गेला, आणि त्या गटात रोनाल्डोचा सौदी क्लब अल-नस्र होता. आयएसएलचा करंडक मात्र तेव्हाही गोव्याच्या कपाटात नव्हता.